वहिवाट आणि फर्मान

संगणकांच्या तारांवर वसलेल्या समाजांना अजून पुरते अर्धशतकही लोटलेले नाही. परंतु एवढ्या अल्पावधीत राज्यस्थापना, कायदेकानू, बंडे, तहनामे आणि देशांतरे असे जे जे मानवी इतिहासात घडते, ते सारे त्यांनी एकदा अनुभवून घेतले आहे. त्यातही एक प्रकार असा आहे, की तो दर काही वर्षांनी निरनिराळ्या वसाहतींत, निरनिराळ्या माणसांच्या हातून, पण जवळजवळ एकाच क्रमाने घडत आलेला दिसतो. वसाहतीचा कारभार पाहणारे एके दिवशी सभ्य वर्तनाचे नवे कलम जारी करतात. ते कलम बहुधा निरुपद्रवी, पुष्कळदा हितकरही असते. आणि तरीही कालपर्यंत आपापल्या कामात गढलेले रहिवासी एकाएकी खवळून उठतात, राजीनामे देतात, सह्यांची पत्रके काढतात, आणि शेवटी त्यांतले काही जण बाडबिस्तरा गुंडाळून दुसरीकडे नवी वसाहत मांडतात. बाहेरच्या माणसाला हा सारा अतिरेक वाटतो. शिवीगाळ करू नका एवढे सांगितल्याने माणसांनी इतके चिडावे का, असा त्याचा साधा प्रश्न असतो. त्याचे उत्तर कलमाच्या मजकुरात शोधू गेल्यास हाती लागत नाही. ते या वसाहतींच्या पूर्वेतिहासात, म्हणजे जमीन कोणाची आणि वहिवाट कोणाची या जुन्याच कज्जात आहे.

या वसाहतींतील आद्य म्हणावी अशी यूझनेट होय. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी १९७९ साली तिची कल्पना काढली. एका संगणकाने दूरध्वनीवरून दुसऱ्याशी संधान बांधावे, साठलेला पत्रव्यवहार त्याच्या स्वाधीन करावा, आणि त्याने तो तिसऱ्याकडे पोचता करावा, अशी ती योजना होती. तीत मध्यवर्ती कचेरी नव्हती, मालक नव्हता, आणि म्हणून लेखी कायदाही नव्हता. होती ती केवळ रूढी. विषय सोडून लिहू नये, दुसऱ्याच्या पत्रातला उतारा आवश्यक तेवढाच घ्यावा, शंका विचारण्यापूर्वी जुन्या प्रश्नोत्तरांचा संग्रह चाळावा, हे संकेत कोणी सक्तीने लादले नव्हते, पण ते मोडणाऱ्याची धडगत नसे. दर सप्टेंबरात महाविद्यालयांत नवी मुले दाखल होत आणि त्यांची पत्रे धडाधड येऊन आदळू लागत. जुनी मंडळी काही आठवडे त्यांना दटावीत, शिकवीत, आणि हिवाळा लागेपर्यंत नवखे जुन्यांत मिसळून जात. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनी आपल्या असंख्य गिऱ्हाइकांना यूझनेटची दारे मोकळी करून दिली, आणि तेव्हापासून हा सप्टेंबर संपलाच नाही, अशी हळहळ तेथील जुने रहिवासी व्यक्त करीत आले.

मालक नव्हता याचा अर्थ सत्ता नव्हती असा मात्र नव्हे. ज्या थोड्या संस्था लांब पल्ल्याच्या दूरध्वनीचा खर्च सोसून मुख्य वाहतूक चालवीत, त्यांच्या यंत्रचालकांच्या हाती वसाहतीच्या नाड्या होत्या. लोक त्यांच्या मंडळाला उपहासाने ‘कबाल’ म्हणत. १९८६-८७ साली या मंडळींनी सगळ्या चर्चागटांची नावे बदलून त्यांची सात विभागांत नवी मांडणी केली. वरकरणी हा दप्तराची नीट लावणी करण्याचा प्रकार होता. परंतु भांडखोर विषय एका निराळ्या विभागात घातल्यामुळे ते न उचलण्याची सोय इतर संस्थांना झाली, आणि कोणता विषय प्रतिष्ठित व कोणता हीन याचा निवाडा कोणीही न नेमलेल्या मूठभरांनी परस्पर करून टाकला. तेव्हा १९८७ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू गावच्या एका खाणावळीत ब्रायन रीड, जॉन गिल्मोर आणि गॉर्डन मॉफेट हे तिघे जमले आणि कबालच्या अमलाबाहेरचा ‘ऑल्ट’ नावाचा नवाच विभाग त्यांनी काढला. पुढच्या वर्षी कबालने लैंगिक विषयाचा गट काढण्यास नकार दिला, तेव्हा रीड यांनी तो ऑल्टमध्ये काढला, अमली पदार्थांचा गट तेथे आधीच होता, म्हणून म्हणीतले त्रिकूट पुरे व्हावे एवढ्यासाठी रॉक संगीताचाही काढला. फर्मान मान्य नसेल तर हद्दीबाहेर जाऊन झोपडी बांधावी, हा या समाजांचा पहिला उपाय अशा रीतीने सिद्ध झाला; जमीन अमर्याद होती तोवर तो पुरेसाही होता.

रूढीचे राज्य कोलमडून त्या जागी कायदा आणण्याचा प्रयोग जेथे पहिल्याने मनापासून झाला, ती वसाहत म्हणजे लॅम्डामू. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रातले पावेल कर्टिस यांनी ती १९९० साली उघडली. तीत चित्रे नव्हती की ध्वनी नव्हता. सारा वाडा शब्दांचा बांधलेला होता. नवखा माणूस प्रथम प्रकट होई तो कोट ठेवण्याच्या अंधाऱ्या कपाटात; तेथून दार ढकलून बाहेर आले की दिवाणखाना लागे, आणि त्यात एक शेकोटी व ऐकलेले बोल वेळीअवेळी बडबडणारा एक काकाकुवा असे. रहिवासी या वाड्याला आपल्या कल्पनेच्या खोल्या जोडीत, नाना नावांची व रूपांची पात्रे धारण करून गप्पा छाटीत, प्रेमात पडत आणि भांडतही. वाड्याचे यंत्र सांभाळणाऱ्या मोजक्या जाणत्यांना ‘विझर्ड’ अशी संज्ञा होती, आणि तंटा उद्भवला की फिर्यादी त्यांच्याकडेच धाव घेत. या फिर्यादींना कंटाळून कर्टिस यांनी १९९२ च्या डिसेंबरात एक जाहीरनामा काढला, की यापुढे विझर्ड फक्त यंत्र चालवतील. रहिवाशांच्या आपसांतल्या भानगडींत ते पडणार नाहीत.

हेतू उदात्त होता. समाज वयात आला आहे, त्याने आपला प्रपंच आपण पाहावा, अशी त्यामागची भावना होती. परंतु न्यायासनावरून उठताना त्यावर दुसऱ्या कोणाला बसविण्याची तजवीज केलेली नव्हती, आणि याचा प्रत्यय तीनच महिन्यांत आला. १९९३ च्या मार्च महिन्यात ‘मिस्टर बंगल’ हे नाव धारण करणाऱ्या एका रहिवाशाने एका खोडसाळ आज्ञावलीच्या साह्याने, दिवाणखान्यात भर मंडळींत, दुसऱ्यांच्या पात्रांवर किळसवाणी कृत्ये लादली. म्हणजे जमलेल्या सर्वांच्या पडद्यांवर अशी वाक्ये उमटू लागली, की जणू ती पात्रे आपण होऊनच तो बीभत्स प्रकार करीत आहेत. ज्यांची विटंबना झाली त्यांनी दाद मागितली; पण मागायची कोणाकडे? विझर्डांनी हात आखडते घेतलेले, आणि रहिवाशांची म्हणून काही सभा किंवा संहिता अस्तित्वात नव्हती. अखेर एका खोलीत सारे जमले, शिक्षा द्यावी की नाही, शब्दांनी झालेली इजा खरी की खोटी, यावर घमासान चर्चा झाली, आणि कोणताही ठराव न होता मंडळी उठून गेली. त्यानंतर एका विझर्डाने, कोणालाही न विचारता, स्वतःच्या मुनसफीवर बंगलचे खाते कायमचे नष्ट केले. परगावाहून परतलेल्या कर्टिस यांनी हा वृत्तांत वाचला आणि मग मात्र नवी घटना दिली: कोणाही रहिवाशाने अर्ज मांडावा, त्यावर पुरेशा सह्या मिळाल्यास तो मताला टाकावा, आणि अनुकूल मते प्रतिकूल मतांच्या दुप्पट भरल्यास विझर्डांनी तो निमूटपणे अमलात आणावा. ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात या प्रकरणावर लिहिलेला लेख पुढे फार गाजला.

गाजली नाही ती या घटनेची अखेर. आणि बोध घ्यावा असे खरे तर तीतच अधिक आहे. मते मागण्याची सवय लागल्यावर लोकांनी ती लहानसहान कुरापतींसाठीही मागितली, लवादांचे निर्णय नव्या भांडणांना जन्म देऊ लागले, आणि १९९६ साली विझर्डांनी दुसरा जाहीरनामा काढला, की यंत्राचा कारभार आणि समाजाचा कारभार वेगळे राखता येत नाहीत असे अनुभवास आल्यामुळे सत्ता आम्ही पुन्हा हाती घेत आहोत. साडेतीन वर्षांच्या अंतराने निघालेल्या या दोन फर्मानांपैकी पहिल्याने स्वातंत्र्य दिले व दुसऱ्याने ते काढून घेतले. पण दोहोंपैकी एकही मताला टाकलेले नव्हते. देणाऱ्याने जे स्वखुशीने दिले ते तो स्वखुशीने परतही घेऊ शकतो, कारण ज्या यंत्रावर सारा वाडा उभा, ते यंत्र त्याच्या कुलपात असते. रहिवाशांनी खोल्या बांधल्या, काकाकुव्याला बोल शिकवले, परंतु पायाखालच्या भूमीचा सातबारा त्यांच्या नावावर कधीच चढला नव्हता.

येथवरचे कारभारी हौशी किंवा विद्याव्यासंगी होते; त्यांना या कारभारातून नफा मिळवायचा नव्हता. पुढच्या काळात वसाहती विकल्या व विकत घेतल्या जाऊ लागल्या, आणि मग तंट्याचे स्वरूप पालटले. डेव्हिड बोनेट यांनी १९९४ साली आरंभलेल्या जिओसिटीजमध्ये हॉलिवुड, अथेन्स अशा नावांच्या पेठा पाडल्या होत्या. त्यांत रहिवाशाला फुकट जागा व घरनंबर मिळे, आणि प्रत्येक पेठेत नवख्यांना मदत करणारे, बेकायदा मजकुरावर नजर ठेवणारे बिनपगारी स्वयंसेवक असत. १९९९ साली याहू कंपनीने ही सारी वसाहत विकत घेतली आणि त्याच उन्हाळ्यात नवा करारनामा पुढे केला. त्यातील भाषा अशी व्यापक होती, की रहिवाशाने आपल्या घरात मांडलेल्या मजकुराचा कंपनीने हवा तसा, हवा तेव्हा उपयोग करावा. रहिवाशांनी आपल्या पानांवरील रंग आणि चित्रे काढून ती भकास करून टाकली, आणि काही दिवसांतच कंपनीला कलम बदलून घ्यावे लागले. जिला खरेदीखताने सारे काही मिळाले असे वाटत होते, तिच्या ध्यानात आले, की तिने जी विकत घेतली होती ती वस्ती होती, आणि माणसे निघून गेल्यास खताच्या कागदाला मोल उरत नाही.

२००७ साली लाइव्हजर्नलवर जे घडले ते याहून कडवट होते. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी १९९९ साली काढलेली ही रोजनिशांची वसाहत तोवर सिक्स अपार्ट या कंपनीच्या ताब्यात गेली होती. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध ओरड करणाऱ्या एका बाहेरच्या गटाचे दडपण येताच, मे महिन्याच्या अखेरीस कंपनीने सुमारे ५०० खाती एकदम बंद केली. आणि निवड केली ती खात्यावर ‘आवडीचे विषय’ म्हणून लिहिलेल्या शब्दांची यादी पाहून. परिणाम असा झाला, की अत्याचारातून वाचलेल्यांचे परस्परसाहाय्य करणारे गट आणि नाबोकॉव्हच्या ‘लोलिता’ कादंबरीची स्पॅनिश भाषेत चर्चा करणारे एक वाचकमंडळ यांचीही त्याच झडतीत गणना झाली. बंद केलेल्या खात्याच्या नावावर त्या वसाहतीत आडवी रेघ उमटे. जुन्या चर्चा उघडाव्यात तो ओळखीच्या माणसांची नावे एकामागून एक खोडलेली दिसावीत, या दर्शनाने लोक जितके बिथरले तितके कोणत्याही कलमाने बिथरले नसते. कंपनीच्या प्रमुखाने जाहीर कबुली देऊन क्षमा मागितली, पुष्कळ खाती पूर्ववत केली. पण विश्वासाला गेलेला तडा सांधला नाही. आवडत्या कथाकादंबऱ्यांतील पात्रे घेऊन स्वतःच्या कथा रचणाऱ्या हौशी लेखिकांचा या वसाहतीत मोठा भरणा होता. आपली यंत्रे आपल्या मालकीची असल्याखेरीज आपल्या लेखनाला ठाव नाही, हा विचार त्यांच्यात आधीच रुजू लागला होता, त्याला या घटनेने जोर आला; आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेने २००९ साली वर्गणीवर चालणारे आपले स्वतंत्र कथाभांडार उघडले, ते आजही नांदते आहे.

संमतीचा देखावा करण्याची कलाही याच सुमारास विकसित झाली. २००९ च्या फेब्रुवारीत फेसबुकने आपल्या अटी गाजावाजा न करता बदलल्या. आरडाओरडा होताच काही दिवसांत त्या मागे घेतल्या, आणि यापुढे महत्त्वाच्या बदलांवर रहिवाशांचे मत घेऊ असे वचन दिले. अट मात्र अशी घातली, की एकूण चालत्या खात्यांपैकी ३० टक्के लोकांनी मत दिले तरच तो कौल बंधनकारक मानला जाईल. त्या वर्षी २० कोटींच्या वसाहतीतून साडेसहा लाखांवर मते पडली. २०१२ च्या डिसेंबरात, मतदानाची ही पद्धतच रद्द करावी काय, असा प्रश्न मताला टाकण्यात आला; तोवर वसाहत १०० कोटींवर गेली होती, म्हणजे कौल बंधनकारक होण्यास ३० कोटी मते हवी होती. मत दिले सुमारे ६ लाख ६९ हजारांनी, त्यांतील ८८ टक्क्यांनी विरोधात दिले, आणि पद्धत रद्द झाली. लॅम्डामूच्या विझर्डांनी सत्ता परत घेताना निदान ती घेत असल्याचे सरळ सांगितले होते.

मराठी माणसाला हा इतिहास परक्याचा वाटण्याचे कारण नाही. परदेशी गेलेल्या मराठी मंडळींचा यूझनेटवर स्वतःचा गट होता. १९९६ साली ‘मायबोली’ सुरू झाली, आणि पुढच्या दशकात ‘मनोगत’, ‘मिसळपाव’, ‘उपक्रम’ अशी संस्थळे एकामागून एक उभी राहिली. तेथे वावरलेल्याला प्रतिसाद उडणे, धागा वाचनमात्र होणे, आयडी गोठवणे, डु-आयडी पकडला जाणे हे प्रकार समजावून सांगावे लागत नाहीत. धोरण बदलले की ‘संपादक मंडळ कोणी नेमले?’ हा सवाल उठे, निरोपाचे लांबलचक धागे निघत, आणि त्यांतले काही निरोपकर्ते आठवड्याभरात नव्या नावाने परतत. कारभाऱ्याची बाजूही लंगडी नव्हती; यंत्राचे भाडे तो पदरचे भरी, रात्री जागून शिवीगाळ निस्तरी, आणि बदल्यात त्याला हुकूमशहा ही पदवी मिळे. वहिवाटदार आणि खातेदार दोघेही आपापल्या परीने खरे असतात, म्हणूनच हा तंटा मिटत नाही.

या तंट्याचे सर्वांत विस्तृत दप्तर उपलब्ध आहे ते विकिपीडियाचे. २००१ साली निघालेल्या या ज्ञानकोशाची जमीन अमेरिकेतील विकिमीडिया प्रतिष्ठानाच्या नावावर आहे. लिहिणारे, तपासणारे, भांडणे सोडविणारे मात्र सारे बिनपगारी. इंग्रजी विकिपीडियाला स्वतःची निवडून दिलेली लवाद समिती आहे, आणि वर्तनाचे निवाडे तिने करायचे अशी वहिवाट पडून गेलेली होती. संस्थापक जिमी वेल्स यांनी २०१० साली चित्रभांडारातली आपल्याला अश्लील वाटलेली चित्रे स्वतःच्या अधिकारात काढून टाकली, तेव्हा एवढा गहजब झाला, की त्यांना आपले विशेषाधिकार स्वहस्ते सोडून द्यावे लागले. अशा ठिकाणी १० जून २०१९ रोजी प्रतिष्ठानाच्या सुरक्षा विभागाने एका जुन्या, कर्तबगार पण तोंडाळ म्हणून ख्याती असलेल्या प्रचालकाला एका वर्षापुरते हद्दपार केले, तेही फक्त इंग्रजी विकिपीडियातून. आरोप काय, फिर्यादी कोण, पुरावा कोणता, यांपैकी काहीही उघड केले नाही, आणि अपिलाची तरतूद नाही असे कळविले.

प्रतिष्ठानाचा युक्तिवाद निराधार नव्हता. छळ झालेल्या माणसाने फिर्याद करायची तर ती हजारो डोळ्यांपुढे करावी लागते, आणि फिर्यादीचाच मग नव्याने छळ होतो. तेव्हा नाव गुप्त राखणे अपरिहार्य आहे, असे त्याचे म्हणणे होते. परंतु हद्दपारीचा हा मर्यादित प्रकार इंग्रजी विकिपीडियावर पूर्वी कधी वापरलेला नव्हता, आणि समितीचे अधिकारक्षेत्र परस्पर ओलांडले गेले होते. एका प्रचालकाने बंदी उठविली. प्रतिष्ठानाने ती पुन्हा घातली व त्याचा अधिकार काढून घेतला. तोच दुसरीने ती पुन्हा उठविली. सुमारे २० प्रचालकांनी राजीनामे दिले, आणि लवाद समितीने विश्वस्तांना उघडे पत्र लिहिले. शेवटी विश्वस्तांच्या मध्यस्थीने प्रकरण समितीकडे आले. सप्टेंबरात समितीने निकाल दिला, की हद्दपारी रद्द. परंतु संबंधित गृहस्थाचे प्रचालकपद मात्र परत मिळणार नाही. निकालाच्या या उत्तरार्धाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्या समाजाने त्या माणसासाठी एवढे रान उठविले, त्याच्याच पंचांनी कागद पाहिल्यावर त्याला अधिकारास अपात्र ठरविले. म्हणजे भांडण त्या माणसाच्या निर्दोषत्वाविषयी नव्हते, सभ्यतेच्या कलमाविषयीही नव्हते. निवाडा कोणी करावा एवढाच मुद्दा होता.

येथे बंडखोरांच्या बाजूचीही झाडाझडती घेतली पाहिजे. वहिवाट ही नेहमी आधी आलेल्यांची असते. गावगाड्यात मिरासदार आणि उपरी हा भेद होता तसा या वसाहतींतही आहे. ज्याने दहा वर्षे घाम गाळला त्याच्या तोंडाळपणाकडे समाज कानाडोळा करतो, आणि काल आलेल्या पोराच्या पहिल्याच चुकीवर तुटून पडतो. स्टॅक ओव्हरफ्लो या आज्ञावलीकारांच्या प्रश्नोत्तरपीठाने २०१८ साली जाहीरपणे मान्य केले, की आपल्याकडे नवख्यांना, विशेषतः स्त्रियांना, दार बंद असल्यासारखे वाटते, आणि तेथील जुन्या, त्रोटक सदुपदेशाच्या जागी विस्तृत आचारसंहिता आली. निघून गेलेल्या उपऱ्यांनी निषेधपत्रके काढलेली नसतात. त्यांची गैरहजेरी कोणत्याच मोजदादीत येत नाही. म्हणून स्वातंत्र्याच्या नावाने उठलेला प्रत्येक गलबला स्वातंत्र्यासाठीच असतो असे मानणे भोळेपणाचे होईल. परंतु पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने, संहितेची सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी, तिच्यावरील खासगी चर्चेच्या ओघात एका स्वयंसेवक नियंत्रिकेला तडकाफडकी पदच्युत केले, तेव्हा डझनावारी नियंत्रकांनी कामे सोडली आणि कंपनीला क्षमा मागावी लागली. उपऱ्यांसाठी केलेला कायदाही बेकायदा रीतीने चालविला, की त्याचा लाभ अखेर मिरासदारांनाच मिळतो.

विकिमीडियाने हा धडा थोडा उशिरा पण नीट घेतला. सर्व भाषांतील विकिपीडियांना लागू होणारी एकच आचारसंहिता विश्वस्तांनी २०२१ च्या आरंभी जाहीर केली, तीही मताला न टाकता. १ मे २००३ रोजी सुरू झालेला आपला मराठी विकिपीडिया आणि त्याची ‘चावडी’ म्हणजे चर्चेचे पानही तिच्याखाली आले. अंमलबजावणीचे नियम मात्र त्यांनी संपादकांपुढे ठेवले. २०२२ च्या मार्चमध्ये झालेल्या कौलात ६० टक्क्यांहूनही कमी मते अनुकूल पडली. संख्येने एवढे पुरले असते; तरीही मत देताना लोकांनी नोंदविलेले आक्षेप वाचून मसुदा परत घेण्यात आला. प्रचालकांवरील शिक्षणाची सक्ती, फिर्यादीची गुप्तता आणि आरोपीला बाजू मांडण्याचा हक्क यांतला तोल, या कलमांवर वर्षभर खल झाला, आणि २०२३ च्या जानेवारीत तीन हजारांवर मतदारांपैकी ७६ टक्क्यांच्या आसपास लोकांनी सुधारलेला मसुदा मान्य केला. आक्षेप घेतलेली कलमे सोडता बाकीच्या नियमांत फारसा फरक पडलेला नव्हता. जे अधिकचे लोक अनुकूल झाले ते, आपले म्हणणे कागदावर उतरलेले त्यांनी पाहिले म्हणून झाले.

या साऱ्या बंडांना शिस्त विरुद्ध स्वैराचार असे नाव देण्याचा मोह होतो. तो किती चुकीचा आहे हे २०२३ च्याच जूनमध्ये पुन्हा स्टॅक ओव्हरफ्लोवर दिसून आले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहवून घेतलेली उत्तरे तेथे पुराच्या लोंढ्यासारखी येऊ लागली होती. नियंत्रक ती काढून टाकीत असत. कंपनीने त्यांना तसे करण्यास जवळजवळ मनाई केली, आणि त्यांना खासगीत दिलेला हुकूम व जाहीर केलेले धोरण यांत मेळ नव्हता असा नियंत्रकांचा आक्षेप होता. हजाराहून अधिक सदस्यांनी सह्या करून काम थांबविले, आणि ऑगस्टात तडजोड होईपर्यंत ते थांबून राहिले. या खेपेस रहिवासी अधिक कडक नियम मागत होते आणि मालक सैल नियम लादीत होता. नियम कडक की सैल, याने काही फरक पडला नाही. ओरड तीच झाली, राजीनामे तसेच पुढे आले, आणि मागणीही शब्दशः जुनीच होती: बदलाची आगाऊ सूचना द्या, आमचे म्हणणे ऐका, आणि आम्हांला जो हुकूम द्याल तोच सर्वांसमक्ष जाहीर करा. कबालच्या काळापासून एवढ्या माफक मागणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडावे लागले, याचा दोष भांडणाऱ्यांपेक्षा खरेदीखत हाती असले की वहिवाट आपोआप संपते असे समजणाऱ्यांकडेच अधिक जातो.